१५००डीवर ५० एमएम एफ १.८: ब्लर मिळतो, फोकस निसटतो

कॅनन १५००डीसारख्या बॉडीवर किट लेन्सनंतर (कॅमेऱ्यासोबत मिळणारी झूम लेन्स) बहुधा ५० एमएम एफ १.८ एसटीएम ही लेन्स येते. वजन १६० ग्रॅम, फिल्टर ४९ एमएमचा, किमतीच्या मानाने काच उत्तम. बहुतेक जण ती मागचं धूसर करण्यासाठी घेतात, पण खरा फायदा उजेडाचा आहे. किट लेन्स ५० पर्यंत झूम केली की अपर्चर (उजेड आत सोडणारं भोक; एफचा आकडा लहान तितकं ते मोठं) एफ ५.६ च्या पुढे उघडत नाही. एफ १.८ म्हणजे त्याहून तीन स्टॉप आणि वर थोडं; एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड. घरात संध्याकाळी जो फोटो आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) ६४०० ला दाणेदार यायचा, तो त्याच शटरला ६४० वर येतो.

हा हिशोब माणसांसाठी. समई, नैवेद्याचं ताट असल्या जागच्या जागी असणाऱ्या गोष्टींना किट लेन्सचं स्टॅबिलायझेशन (हात हलल्याचा परिणाम कमी करणारी सोय) बराच फरक भरून काढतं, आणि या ५० मध्ये ते नाहीच. त्यामुळे हातात धरून १/१०० च्या खाली जाऊ नका. मूल घरभर धावत असेल तर १/२५० लागतं. एव्ही मोडवर (अपर्चर आपण, शटर कॅमेरा ठरवतो) कॅमेरा उजेड कमी होताच गुपचूप शटर खाली आणतो आणि फोटो हलतो, मग दोष लेन्सला. एम मोडवर शटर नि अपर्चर आपण ठरवायचं, आयएसओ ऑटोवर सोडायचा. निकॉन डी३५०० वर ऑटो आयएसओच्या मेनूत किमान शटर ठरवता येतं, तिथे ए मोडही (निकॉनचा एव्ही) चालतो.

आता फोकस. गंमत इथेच आहे. दीड मीटरवर एफ १.८ ला जेमतेम ६ सेंटीमीटर खोली स्पष्ट येते, एक मीटरवर पावणेतीन. चेहरा किंचित वळलेला असला की जवळचा डोळा लख्ख आणि लांबचा गेलेला. व्ह्यूफाइंडरमधून हे कळत नाही, कारण अशा बॉडीचा फोकसिंग स्क्रीन साधारण एफ २.८ एवढी, म्हणजे खऱ्याहून जास्त, खोली दाखवतो. तिथे दोन्ही डोळे स्पष्ट दिसले म्हणून खूश व्हायचं आणि घरी कॉम्प्युटरवर कपाळाला हात लावायचा.

फोकस पॉइंट कॅमेऱ्याला निवडू देऊ नका. तो बहुतेकदा सगळ्यात जवळची वस्तू धरतो, म्हणजे नाक नाहीतर पुढे केलेला हात. १५००डीच्या ९ पॉइंटपैकी मधला क्रॉस टाइप (आडव्या-उभ्या दोन्ही रेषा पकडणारा) आहे, कमी उजेडात भरवसा त्याच्यावरच. मधल्या पॉइंटने डोळा धरून चौकट वळवली तर दीड मीटरवर चूक सेंटीमीटरभराची, म्हणजे खपून जाते. खरा घात अंग हलल्याने होतो: फोकस लॉक झाल्यावर तुम्ही किंवा समोरचा माणूस ४ सेंटीमीटर पुढेमागे झुकला की डोळा गेलाच. लॉक करून लगेच दाबा, एकाऐवजी तीन-चार फ्रेम घ्या. माणूस स्थिर नसेल तर एआय सर्व्हो (हलत्या माणसावर सतत फोकस करत राहणारा मोड) लावा, डोळ्याजवळचाच पॉइंट निवडा आणि एफ २.८ वर या. एकट्या माणसासाठी बाराही महिने एफ २.२ ते २.८ ठेवावं. ब्लर पुरेसा असतो, धारही वाढते. तीन मीटरवरच्या दोन रांगांच्या ग्रुपला निदान एफ ४, तिथे अर्धा मीटर खोली मिळते.

सगळे फोटो एकाच दिशेने चुकत असतील तर लेन्स तपासा. कॅमेरा ट्रायपॉडवर, फूटपट्टी ४५ अंशात तिरकी आणि फोकसच्या खुणेसाठी तिच्या बाजूला उभा, छापील मजकुराचा पुठ्ठा. एफ १.८ वर व्ह्यूफाइंडरमधून दहा फोटो, दर वेळी आधी फोकस मुद्दाम बिघडवून. मग तेच लाईव्ह व्ह्यूमध्ये (मागच्या स्क्रीनवर बघून), कारण तिथे फोकस थेट सेन्सरवरून होतो. लाईव्ह व्ह्यूचे बरोबर आणि व्ह्यूफाइंडरचे सगळे मागे किंवा सगळे पुढे, तर बॉडी-लेन्सच्या जुळणीचा दोष. या बॉडीत तो सुधारायची सोय नाही, बॉडी आणि लेन्स दोन्ही सर्व्हिस सेंटरला द्यावी लागतात. चूक कधी पुढे कधी मागे असेल तर ती ऑटोफोकसची नेहमीची मर्यादा, त्यावर पैसे घालवू नका.

कोनाचंही भान हवं. तीन मीटरवर चौकट आडवी फक्त सव्वा मीटरहून जरा जास्त. उभा माणूस डोक्यापासून पायापर्यंत घ्यायचा तर उभ्या चौकटीतही चार मीटर मागे सरकावं लागतं. दहा बाय बाराच्या खोलीत ते जमत नाही. घरातलेच फोटो जास्त असतील तर निकॉनवाल्यांनी सरळ ३५ एमएम एफ १.८ जी डीएक्स घ्यावी. जुनी ५० एफ १.८ डी स्वस्तात मिळते म्हणून भुलू नका: डी३५०० किंवा डी५६०० मध्ये फोकस मोटर नसल्याने ती हातानेच फिरवावी लागते.

भर दुपारी आयएसओ १०० वर एफ १.८ ला १/८००० लागतं आणि १५००डी १/४००० लाच थांबतो. एफ २.८ करा. नथ, जरीकाठ, पाण्याचे थेंब यांच्या कडेला जांभळी-हिरवी किनार येते, एफ ४ पर्यंत ती जवळपास जाते. गणपतीच्या मखरातल्या एलईडी माळा मात्र वेगळा त्रास देतात: आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे काही स्वस्त माळा सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात आणि १/२५० ला फोटोत काळे पट्टे उमटतात. तिथे १/१०० ठेवा आणि आरती म्हणणाऱ्यांना जरा कमी हलायला सांगा.

या लेन्सची पुढची नळी फोकस करताना बाहेर येते. ती तशीच बाहेर असताना कॅमेरा पिशवीत कोंबला की धक्का थेट आतल्या यंत्रणेला बसतो. बंद करण्याआधी लांबच्या वस्तूवर फोकस करा, नळी आत जाते. हाताने ढकलू नका. या लेन्सचं हूड (पुढे लावायचं संरक्षक कडं) ईएस-६८.