चिरेखाण, काका आणि हार्श नॉइज

माझे काका बरीच वर्षं चिरेखाणीत कटिंगचं मशीन चालवायचे. आमच्याकडे लांज्याच्या बाजूला जांभ्याच्या खाणी भरपूर, सुट्टीत मी त्यांचा डबा घेऊन जायचो आणि काठावर बसून राहायचो. खाली रुळांवरून मशीन पुढे सरकतंय, पातं गरगरतंय, लाल धूळ, आणि आवाज असा की कानाआधी दातांत जाणवतो. पण काका पात्याकडे फारसे बघायचेच नाहीत. पातं दगडात शिरलं की आवाज खाली बसायचा, मऊ भाग लागला की परत चढायचा, कुठे कडक गाठ आली की मधेच किरकिर, आणि त्यावरून ते हात सैल करायचे. मला तो एकच आवाज वाटायचा, त्यांना त्यात दहा आवाज ऐकू यायचे.

हे सांगतोय कारण मी हार्श नॉइज, म्हणजे सूर-ताल सोडून नुसत्या गोंगाटातून केलेलं संगीत, ऐकतो म्हटलं की पहिला प्रश्न येतो, त्यात ऐकण्यासारखं आहे काय? आई तर स्पीकर बिघडला काय रे म्हणून आत येऊन बघून जाते.

मी पहिल्यांदा ऐकला तो जपानच्या मर्झबोचा १९९६ चा पल्स डीमन हा अल्बम. मर्झबो म्हणजे मासामी आकिता नावाचा एकच माणूस, टोकियोचा, १९७९ पासून हेच करतोय. पहिली पाच-सात मिनिटं नुसता त्रास झाला, काढून टाकणार होतो, आणि मग कान बसला. म्हणजे काय झालं ते नीट सांगतो, आपण कुठलंही गाणं ऐकताना मनात समेची वाट बघत असतो, आता मुखडा येईल, आता तबला समेवर येईल. इथे सम नाहीच. कान थोडा वेळ वाट बघतो, दमतो, आणि मग वाट बघणं सोडून देतो, आणि सोडलं की आतलं दिसायला लागतं. खाली एक जाड घरघर आहे, तिच्यावर पत्रा फाडल्यासारखं काहीतरी सरकतंय, मधेच एक बारीक शिट्टी वर चढून तुटते. सगळं भराभर बदलत असतं आणि मी पहिली पाच मिनिटं त्याला एकच गोंगाट म्हणत होतो!

बरं, हे खूळ कालपरवाचं नाही. इटलीत लुइजी रुसोलो या चित्रकाराने १९१३ मध्येच लिहून ठेवलं होतं की यंत्रांचे आवाज संगीतात आले पाहिजेत, आणि त्यासाठी त्याने आवाजाच्या पेट्या बनवल्या. अमेरिकन रॉक गायक लू रीडने १९७५ मध्ये गिटारच्या फीडबॅकचा, म्हणजे स्पीकरचा आवाज परत गिटारमध्ये शिरून जी ओरड होते तिचा, अख्खा डबल अल्बम काढला. इंग्लंडमध्ये १९७६ च्या सुमारास थ्रॉबिंग ग्रिसल हा बँड आला, इंडस्ट्रियल हे या प्रकारच्या संगीताचं नाव त्यांच्या रेकॉर्ड लेबलवरून पडलं. मग १९८० मध्ये विल्यम बेनेटचा व्हाइटहाउस हा बँड, पॉवर इलेक्ट्रॉनिक्स हा शब्द त्याचाच, ड्रम नाहीत, सिंथेसायझरची कानात घुसणारी शिट्टी आणि त्यावर किंचाळणं. इथे मला स्पष्ट बोलायचंय. पॉवर इलेक्ट्रॉनिक्समधल्या बऱ्याच लोकांनी खून, बलात्कार, नाझी असल्या गोष्टी कव्हरवर आणि शब्दांत वापरल्या, धक्का द्यायचा म्हणून. ते मला पटत नाही आणि ते मी ऐकत नाही. आवाजात इतकी ताकद असताना त्या आधाराची गरज काय होती?

गेल्या पावसाळ्यात मी स्वतः करून बघायला लागलो. पिएझो डिस्क मिळते ना, पितळेची चकती, रुपयाच्या नाण्याहून जरा मोठी, तिला दोन वायरी सोल्डर केल्या आणि टेपने पडवीच्या पत्र्याला आतून चिकटवली. ती हवेतला आवाज जवळजवळ घेतच नाही, पत्रा थरथरतो तेवढंच घेते. पहिले थेंब सुटे सुटे, प्रत्येकाचा सूर वेगळा, खिळ्याजवळ पडलेला कोरडा, मधोमध पडलेला घुमणारा, आणि मग सर आली की सगळं मिळून एक भिंत. आवाज एकत्र करायचा जुना मिक्सर आहे त्याचं आउटपुट त्याच्याच इनपुटला जोडलं तर काहीही न वाजवता तो स्वतःच ओरडायला लागतो, नॉब केसभर फिरवला की सूर फाटतो, म्हणजे काकांचंच काम, हाताने सैल-घट्ट करायचं आणि कानाने बघायचं.

मोठ्याने मात्र लावू नका, हे मनापासून सांगतो. ८५ डेसिबल आठ तास चालतं असं धरतात, पण पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो, म्हणजे १०० ला फक्त १५ मिनिटं. काकांना खाणीवर कधी कोणी कानात घालायला काही दिलं नाही. आज त्यांना मोबाइलची रिंग ऐकू येत नाही, बारीक आवाज सगळे गेले. नॉइज हळू लावला तरी आतलं सगळं ऐकू येतं, मी तसाच ऐकतो.

गणपतीत काका घरी आले होते तेव्हा मी पत्र्याचं आणि मिक्सरचं एकत्र केलेलं रेकॉर्डिंग लावलं. ते स्पीकरजवळ खुर्ची घेऊन बसले आणि स्पीकरवर तळवा ठेवला. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग एका ठिकाणी, जिथे मी नॉब खाली घेतला होता बरोब्बर तिथे, म्हणाले, "हां, आता लोड आला बघ." आणि हात तसाच ठेवून शेवटपर्यंत ऐकलं.