कॉकपिटचा दिवा किती मंद होतो?

गेल्या ऑक्टोबरात लँकेस्टरहून न्यू जर्सीला परतताना अल्टिमीटरजवळचा, म्हणजे विमानाची उंची दाखवणाऱ्या यंत्राजवळचा, दिवा गेला. वर्षभरातला हा तिसरा. आमचं सेसना १७२ हे छोटं विमान चौघांनी मिळून घेतलेलं, १९७४ सालचं. त्याच्या पॅनेलवर प्रत्येक यंत्राच्या कडेला छोट्या टोपीचे दिवे आहेत, त्यांना पोस्ट लाइट म्हणतात. टोपी ओढून काढली की आत हरभऱ्याएवढा बल्ब, १४ व्होल्टचा, ३३० नंबरचा. कंपनांनी त्याची तार तुटते. उरलेली वाट मी टॉर्च दातांत धरून काढली आणि घरी येताच ठरवलं, आता सगळे एलईडी.

वीज वाचवणं हे कारण नव्हतं. ३३० नंबरच्या एका बल्बला ८० मिलिअँपिअर लागतात, म्हणजे आमच्या बारा बल्बना मिळून जेमतेम एक अँपिअर. इंजिनावर वीज तयार करणाऱ्या आमच्या ६० अँपिअरच्या अल्टरनेटरला तेवढ्याने काय होतंय? मला हवा होता भरवसा.

विमानातला साधा बल्बही मनाला येईल तसा बदलता येत नाही, म्हणून आधी मेकॅनिकला विचारलं. त्याने ठरवून दिलेलेच बल्ब मागवले. हँगरमध्ये बसवून सगळे दिवे बंद केले आणि डिमरची कळ हळूहळू फिरवत गेले. जुने बल्ब विझत आलेल्या निखाऱ्यासारखे मंद मंद होत जायचे. एलईडी बराच वेळ लख्ख राहिले, मग एकदम विझले. त्यात मधली पायरीच नव्हती. एलईडी पेटायला ठरावीक व्होल्टेज लागतं, आणि डिमर आपला जुन्या तारेच्या हिशेबाचा.

दिवसा उडणाऱ्याला ही गोष्ट क्षुल्लक वाटेल. पण डोळे अंधाराला पुरते सरावायला अर्धा तास लागतो आणि झगझगीत पॅनेलकडे एकदा पाहिलं की ती सगळी कमाई जाते. मग बाहेर क्षितिज शोधत बसा. रात्री उडणाऱ्या माणसाने दिव्याबद्दल पहिला प्रश्न विचारावा तो हाच: हा किती मंद होतो? ते बल्ब मी परत केले आणि खास मंद होण्यासाठी बनवलेले, दुप्पट किमतीचे आणले. एकाही रुपयाची, म्हणजे डॉलरची, मला हळहळ नाही.

रंगावर मात्र खूप विचार केला. डोक्यावरचा आमचा जुना दिवा लाल. लाल उजेडात डोळ्यांचा अंधार-सराव टिकतो, म्हणून पूर्वी सगळीकडे लालच असायचा. पण कागदी नकाशा त्याच्याखाली धरून बघा. कंट्रोल टॉवर असलेले विमानतळ निळे छापतात, ते काळेभोर दिसतात. टॉवर नसलेले छापतात मजेंटा, म्हणजे जांभळट गुलाबी, रंगात, आणि लाल उजेडात पांढरा कागद नि मजेंटा शाई दोन्ही सारखेच लाल! आमच्या विमानतळाला टॉवर नाही. म्हणजे ज्या विमानतळावर उतरायचं, तोच नकाशावर सापडेना. म्हणून नकाशासाठी, कंट्रोल व्हीलखाली (विमानाच्या सुकाणूखाली), आता पिवळसर पांढरा दिवा आहे, तोही अगदी मंद होणारा.

डोक्यावरच्या दिव्यासाठी आणलेल्या पहिल्या एलईडीने रेडिओत खरखर आणली. दिवा लावला की स्स्स, विझवला की शांत. त्याच्या आत व्होल्टेज उतरवणारं जे सर्किट असतं, त्याचा गोंगाट थेट आमच्या ११८ ते १३७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात शिरत होता. हे जमिनीवरच कळलं म्हणून बरं. स्क्वेल्च, म्हणजे रेडिओतली खरखर दाबणारी सोय, बंद करून प्रत्येक दिवा एकेक करून तपासायची सवय मेकॅनिकनेच लावली.

आता अकरा पोस्ट लाइट आणि डोक्यावरचा दिवा बदलून झालेत, लॉगबुकात नोंदही झाली आहे. होकायंत्राचा बल्ब मात्र तारेचाच ठेवलाय. नवा एलईडी काचेजवळ नेला तर आतली चकती किंचित हलली, बहुधा त्याच्या बुडाच्या धातूमुळे. तसले जुने दोन बल्ब डबीत घालून हेडसेटच्या पिशवीत ठेवलेत. बारावा पोस्ट लाइट येत्या शनिवारी.