पाहुण्यांची छत्री

संभाजीनगरजवळच्या वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत मी ज्या कारखान्यात काम करतो, तिथे नवे यंत्र बसवायचे असले की परदेशातून एखादा अभियंता महिनाभरासाठी येतो आणि सुटीच्या दिवशी त्याला फिरवून आणण्याचे काम बहुधा माझ्याकडे येते. २०२४ च्या मे महिन्यात आलेल्या जर्मन गृहस्थांच्या सामानात रेनकोट, छत्री आणि डोक्याला बांधायचा दिवा होता. भारत म्हणजे पाऊस आणि वेरूळ म्हणजे अंधारी गुहा, असा त्यांचा सरळ हिशेब होता.

दिव्याचा निकाल लवकर लागला. ‘केव्ह’ या शब्दाने त्यांची फसगत केली होती. आठव्या शतकात, राष्ट्रकूटांच्या काळात, डोंगर वरून खाली कोरत आणून घडवलेल्या कैलास लेण्याच्या अंगणात, डोक्यावर भर दुपारचे ऊन असताना, त्यांनी तो दिवा मुकाट्याने खिशात घातला.

छत्रीचे प्रकरण मात्र लांबले. अरबी समुद्रावरून येणाऱ्या ढगांचे बरेचसे पाणी सह्याद्रीच रिकामे करून घेतो आणि त्यामागे पर्जन्यछायेत असलेल्या आमच्या वाट्याला उरलेसुरले येते, हे नकाशा काढून सांगितले तरी त्यांना ते पटेना. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला पिण्याचे पाणी मिरजेहून रेल्वेने आणावे लागले होते, हे ऐकून तर त्यांना मी अतिशयोक्ती करतो आहे असे वाटले. शेवटी त्यांना गावाकडे नेले. आमच्या गल्लीत टँकरच्या वाटेवर ओळीने मांडलेले निळे ड्रम होते, आणि अदलाबदल होऊ नये म्हणून प्रत्येकावर ऑइलपेंटने मालकाचे नाव लिहिलेले होते. ती नावे त्यांनी मला एकेक करून वाचायला लावली. नंतर त्यांनी छत्रीचा विषय काढला नाही.

त्याच दिवशी जेवणाचाही गैरसमज फिटला, पण त्यात दोष त्यांचा कमी आणि आमचा जास्त होता. भारतीय माणूस नान आणि ‘करी’ खातो असे त्यांना वाटे, कारण पाहुणा आला की आम्हीच त्याला हॉटेलात नेऊन पनीर बटर मसाला मागवतो. घरी आई ज्वारीची भाकरी थापत होती. लाटणे का नाही, असे त्यांनी विचारले. ज्वारीचे पीठ गव्हासारखे ताणले जात नाही, लाटायला गेले तर चिरते, म्हणून ते गरम पाण्यात मळून हाताने थापावे लागते, हे समजल्यावर यंत्रे बसवणारा तो माणूस आईच्या बोटांकडे एकटक पाहत राहिला. ‘घ्या की हो, लाजू नका,’ म्हणत आईने तिसरी भाकरी वाढली, ती त्यांना भाषेवाचून कळली.

सर्वांत खोल रुजलेला समज इंग्रजांविषयीचा. रेल्वे त्यांनी बांधली असणार, कागदपत्रे त्यांच्या भाषेत असणार, स्वातंत्र्यही त्यांच्याकडूनच मिळाले असणार. मी आजोबांच्या जमिनीचे जुने कागद काढून दाखवले. ते उर्दूत आहेत. मराठवाडा हैदराबाद संस्थानात होता. मनमाडहून संभाजीनगरमार्गे हैदराबादकडे जाणारी लाइन निजामाच्या रेल्वेची होती आणि आजोबा अखेरपर्यंत ‘हाली’ रुपयाच्या, म्हणजे निजामाच्या स्वतःच्या चलनाच्या, गोष्टी सांगत. देश १५ ऑगस्ट १९४७ रोजी स्वतंत्र झाला, पण स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखालील लढा आणि अखेरीस भारतीय सैन्याची कारवाई झाल्यावर आमच्याकडे १७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थानी राजवट संपली. आजही त्या दिवशी मुक्तिसंग्राम दिनाचे झेंडावंदन होते. तेरा महिने शेजारचे जिल्हे स्वतंत्र आणि तुम्ही नाही, मग सीमेवरच्या गावांचे काय होत असे, असा प्रश्न त्यांनी केला. खरे सांगायचे तर पुण्या-मुंबईच्या मित्रांनी तो मला कधी विचारलेला नाही.

जाताना ते छत्री माझ्या टेबलाजवळ ठेवून गेले. पुढच्या वर्षी सप्टेंबरात मराठवाड्यात अतिवृष्टी झाली, नद्या पात्र सोडून शेतांत शिरल्या, काढणीला आलेले सोयाबीन पाण्याखाली गेले आणि माती खरडून गेली. त्या दिवसांत त्यांचा निरोप आला: पुराच्या बातमीचे छायाचित्र, आणि खाली एवढेच, की घरचे सुखरूप आहेत ना, आणि छत्री सापडली का.