अ बाजू कुणाची? पंक-रॅप कॅसेटची प्रगती

एका बाजूला पंक, दुसऱ्या बाजूला रॅप अशी एक कॅसेट आम्ही काढतोय. ती भरायचा कॅसेट डेक आता सरळ चालतोय. त्याचा बेल्ट मुंबईत लॅमिंग्टन रोडला मिळतो, फक्त जुना बेल्ट मापाला नेऊ नका, तो ताणलेला असतो. पुल्यांभोवती दोरा फिरवून माप घ्यायचं आणि त्याहून साधारण ५ टक्के कमी घेराचा मागायचा. नंतर ३००० हर्ट्झचा टोन वाजवला तर फोनवर ३०६० दिसला, म्हणजे डेक २ टक्के जलद. टोन दुसरीकडे, नीट डेकवर भरलेला हवा. आपल्याच डेकवर भरला तर ज्या वेगाने भरला त्याच वेगाने वाजतो आणि चूक कधी दिसतच नाही. मोटारच्या मागच्या भोकातला स्क्रू केसभर फिरवला की काम होतं. पंकवाल्यांचं मत: "राहू दे ना भावा, फुकटात हार्डकोर होतंय."

मग भांडण. सी-६० मध्ये बाजूला ३० मिनिटं. पंकची १४ गाणी, दीड-दीड मिनिटाची, म्हणजे २१. रॅप २८. लांब बाजू अ ठेवायची, म्हणजे कोरी टेप ब च्या शेवटी जाते आणि मध्येच कुणाला नुसती सरसर ऐकत बसावं लागत नाही. पंकवाले ऐकेनात. "आधी आम्ही!" "तुमची चौदा गाणी म्हणजे आमचा इंट्रो." शेवटी गणित जिंकलं. अ बाजू रॅपची.

जोडणारा धागा हलगीचा. रॅप ९० बीपीएम (मिनिटाला ठोके), पंक १८०, त्यामुळे एकच लूप दोन्हीकडे बसतो. पावसाळ्यात कातडं सैल पडतं. शेकलं की आवाज चढतो, थंड होताना परत उतरतो, म्हणून सगळे ठोके एका दमात भरून घ्यायचे. पोत खडबडीत हवा म्हणून १९८७च्या एसपी-१२०० या सॅम्पलरची (आवाजाचे तुकडे भरून वाजवणाऱ्या यंत्राची) युक्ती वापरली. त्या यंत्रात जेमतेम १० सेकंदांची जागा, म्हणून लोक मिनिटाला ३३ फेऱ्यांची रेकॉर्ड ४५वर वाजवून भरायचे आणि आत हळू करायचे. आम्ही हलगी १.३५ पट जलद करून १२ बिट, २६ किलोहर्ट्झवर उतरवली, मग परत मूळ वेगावर आणली. 'चट' ठोक्याला मस्त धार आली.

लेव्हल मात्र सांभाळा. साध्या फेरिक टेपवर उंच स्वर आधी फाटतात, आणि मराठी रॅपमध्ये स, श, च यांची कमी नाही. व्होकलवर ६ ते ८ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात डी-एसरने (स-श ची सरसर दाबणाऱ्या इफेक्टने) ३-४ डेसिबल दाबा. ८०८ ड्रम मशीनचा बेस ३५ हर्ट्झखाली कापा आणि १०० खालचं सगळं मोनो करा. नाहीतर लेव्हल मीटरची सुई लाल पट्ट्यात झोपते आणि बाकी मिक्स मागे पडतं. पीक मीटरवर +३ डेसिबलच्या आसपास. सुरुवातीच्या पाच-सात सेकंदांच्या लीडरवर (टेपआधीच्या साध्या प्लास्टिक पट्टीवर) काहीच भरलं जात नाही, तेवढं सोडून सुरू करा.

जुन्या कॅसेटवर भरणार असाल तर आधी खिडकीतून बघा. टेपच्या कडेला पांढरी भुकटी दिसली तर ती बुरशी. असली कॅसेट वाजवू नका, हेडवरून पुढच्या कॅसेटला लागते. मुंबईच्या हवेत कॅसेटी घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलसोबत.

कव्हर बाकी आहे: पुढचा भाग ६५ मिमी, पाठ १२, मागची पट्टी १६. पिवळ्या कागदावर काळी झेरॉक्स. जाड कागद घेतला तर घडी फुगते आणि डबी लागत नाही.

भरून झालं की कॅसेटच्या वरचे टॅब तोडायचे, म्हणजे त्यावर पुन्हा कुणी भरू शकत नाही. ब बाजूचा तर लगेच. तिथल्या उरलेल्या ९ मिनिटांवर रॅपवाल्यांचा डोळा आहे.