दुसरी बाटली

मंगळवार, रात्री उशिरा

बँकेत तीस वर्षं वसुली केली, त्यामुळे कुणाचंही चरित्र वाचायला घेतलं की मी आधी तारण काय होतं ते शोधतो. आज रॉबर्ट व्हायनर वाचला. तारण होतं राजाचा शब्द. म्हणजे काहीच नाही.

हा लंडनचा सराफ. तेव्हा तिथे सराफाची पेढी हीच बँक. लोक नाणं त्याच्याकडे ठेवत आणि त्याच्या पावत्या बाजारात पैशासारख्या फिरत. मधल्या काळात राजेशाही गेली तेव्हा जुने राजालंकार वितळवले होते, ते दुसऱ्या चार्ल्ससाठी १६६१ साली नव्याने घडवून दिले ते यानेच. त्यातलाच मुकुट २०२३च्या मे महिन्यात तिसऱ्या चार्ल्सच्या डोक्यावर चढताना मी टीव्हीवर पाहिलाय, चहा पीत.

दागिन्यांच्या मागोमाग कर्जं आली. ठेवीदारांना सहा टक्के द्यायचे, राजाकडून आठ-दहा घ्यायचे. १६७२च्या जानेवारीत हॉलंडशी युद्ध तोंडावर आलं आणि राजाने खजिन्यातून परतफेडच थांबवली. व्हायनरचे चार लाख सोळा हजार पौंडांहून जास्त अडकले. याच राजाने चारच वर्षांपूर्वी आपली मुंबई ईस्ट इंडिया कंपनीला वर्षाला दहा पौंड भाड्याने देऊन टाकली होती. अडकलेल्या रकमेत मुंबईचं एकेचाळीस हजार वर्षांचं भाडं भागलं असतं! कॅल्क्युलेटरवर दोनदा करून पाहिलं.

आणि हा पठ्ठ्या काय करतो? त्याच वर्षी भर बाजारात राजाचा अश्वारूढ पुतळा बसवतो. तोही मुळात, म्हणतात, पुढे पोलंडचा राजा झालेल्या सोबिएस्कीचा, घोड्याखाली तुर्क. वरचं डोकं बदलून चार्ल्स केला, खालचा तुर्क राजेशाही उलथवणारा क्रॉमवेल झाला. फेटा काढायचा मात्र राहिला.

१६७४ साली व्हायनर लंडनचा महापौर झाला. (त्याच वर्षी जूनमध्ये रायगडावर महाराजांचा राज्याभिषेक, आणि कंपनीचा हेन्री ऑक्झिंडेन नजराणा घेऊन हजर.) महापौराच्या मेजवानीला राजा आला. व्हायनरला जरा जास्तच चढली, सलगी वाढली, तसा राजा कुणाला न सांगता बग्गीकडे निघाला. हा मागे धावला, राजाचा हात धरला आणि शपथ घालून म्हणाला, दुसरी बाटली घेतल्याशिवाय जायचं नाही. राजा हसला, जुन्या गाण्याची ओळ गुणगुणत परत येऊन बसला. असा किस्सा सांगतात.

मला आमचा एक थकबाकीदार आठवला. मी दारात दिसलो की आत हाक मारायचा, “अगं, साहेबांना पोहे टाक.” हप्त्याचं नाव नाही. मी पोहे खाऊन, वर दुसरा चहा घेऊन परत. पण तिथे निदान कर्जदार माझी मनधरणी करत होता. इथे देणेकऱ्याला पाजायला सावकार धावतोय.

१६७७ साली व्हायनरला वर्षाला पंचवीस हजार पौंडांचा तनखा बांधून दिला. मुद्दल नाहीच. पुढे दिवाळं निघालं, १६८८ साली गेला.

त्याची दया येता येता पुतळा आठवतो. तो उभा राहिला तेव्हा त्याच्या पेढीतल्या ठेवी अडकलेल्याच होत्या. ठेवी अडकलेली अशी माणसं मी काउंटरवर पाहिली आहेत. भांडत नाहीत. पासबुक पुढे सरकवतात आणि नुसती उभी राहतात.