पैस, पैसा नाही हो!

पोराचं नाव असं कसं, हे तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, नाहीतर हल्ली मी नुसतं हसते आणि पुढे जाते. त्याचं नाव पैस. पैसा नाही, पायस नाही, आणि लिएंडर पेसचा तर काहीच संबंध नाही, तरी आमचे वॉचमन काका त्याला 'ए पेस' म्हणूनच हाक मारतात. जन्मदाखल्यावर पहिल्यांदा 'पैसा' छापून आलं होतं, ते बदलायला दोन हाफ डे गेले.

ऐसपैस म्हणतो ना आपण, त्यातला पैस. ऐसपैस बसा, ऐसपैस घर. पैस म्हणजे मोकळी जागा, विस्तार. जुना मराठी शब्द, आता एकटा फारसा कोणाच्या तोंडी येत नाही, जोडीनेच फिरतो. आणि आम्ही तेव्हा डोंबिवलीत वन रूम किचनमध्ये पाच जणं, पाळणा बांधायचा तर आधी टेबल फोल्ड करून गॅलरीत न्यायचं. सासरे म्हणाले, घरात जागा नाही तर नाही, पोराच्या नावात तरी असू दे.

शब्द मला भेटला तो नेवाश्याला. अहिल्यानगर जिल्ह्यात, प्रवरेच्या काठी. सातवा महिना लागलेला, माहेरी जाताना सहज थांबलो. तिथे पैसाचा खांब आहे, ज्ञानेश्वरांनी शके 1212 मध्ये, म्हणजे 1290 साली, त्याला टेकून ज्ञानेश्वरी सांगितली असं मानतात. मूळ देऊळ गेलं, खांब राहिला, आता त्याच्याभोवती नवं मंदिर आहे आणि पूजा होते ती खांबाचीच. दुर्गाबाई भागवतांच्या पुस्तकाचं नावही पैस, त्याला 1971 चा साहित्य अकादमी पुरस्कार आहे. एरवी मी देवळात फार रमणारी नाही, पण एका खांबाला टेकून बसलेला कोवळा मुलगा आणि त्याला सुचलेल्या नऊ हजार ओव्या, हे डोक्यातून जाईचना.

ऑफिसात एक गोव्याची मैत्रीण आहे, ती म्हणाली इंग्रजी अक्षरांत Pais लिहिलं की पोर्तुगीजमध्ये त्याचा अर्थ होतो आईवडील. म्हणजे आम्ही पोराला आईबाबा अशी हाक मारतोय, हे मात्र कोणी आधी सांगितलं नव्हतं.

माझ्या आजीला नाव अजिबात पटलं नव्हतं. 'पैसाच म्हणणार गं सगळे, लिहून ठेव.' तिला मी मोठ्या तोऱ्यात सांगायला गेले की अगं त्या खांबाचा पैशाशी काही संबंध नाही, त्याच्यावर केवढा जुना लेख कोरलाय. तर तिने विचारलं, काय लिहिलंय त्यात? आता काय सांगणार, लेखात अखंड दिव्याच्या तेलासाठी दर महिन्याला किती नाणी द्यायची त्याची नोंद आहे. आजी आठवडाभर हसत होती.