आभाळ मोजताना नुसते पिक्सेल मोजू नका

फिशआय लेन्स (अख्खं आभाळ एका वर्तुळात टिपणारी) गल्लीच्या मधोमध आभाळाकडे रोखायची, फोटोत आकाश पांढरं आणि बाकी सगळं काळं करायचं, पांढऱ्या पिक्सेलची टक्केवारी काढायची. ‘स्काय व्ह्यू फॅक्टर’ (एखाद्या जागेवर आभाळ किती खुलं आहे याचं माप) म्हणून अनेकदा हाच आकडा दिला जातो. तो चुकीचा आहे, आणि चूक लहान नाही.

फॅक्टर ० ते १ मध्ये असतो. उघड्या माळावर १. रात्री रस्त्याची उष्णता आकाशाकडे निघून जाते, पण त्यात डोक्यावरच्या आभाळाचा वाटा मोठा आणि क्षितिजालगतचा नगण्य. चहूकडे १० अंश उंचीपर्यंत इमारती असल्या, तर सम-अंतर प्रक्षेपणाच्या (डोक्यावरच्या बिंदूपासूनचा कोन ज्या प्रमाणात वाढतो त्याच प्रमाणात फोटोच्या मध्यापासूनचं अंतर वाढतं अशा) फोटोतले २१ टक्के पिक्सेल काळे होतात. फॅक्टर मात्र ०.०३ नेच घटतो. उलट, खमध्याभोवती, म्हणजे बरोबर डोक्यावरच्या बिंदूभोवती, ३० अंशांपर्यंत पिंपळाची गच्च पालवी आली तर पिक्सेल जेमतेम ११ टक्के जातात आणि फॅक्टर ०.२५ ने पडतो.

म्हणून फोटोवर एककेंद्री पट्टे आखायचे. १० अंशांचे ९ चालतात, अडीच अंशांचे ३६ अधिक चांगले. प्रत्येक पट्ट्यात आकाशाचा हिस्सा किती ते काढायचं, त्याला पट्ट्याच्या बाहेरच्या आणि आतल्या कोनांच्या साइन-वर्गांतल्या फरकाने गुणायचं (कोन खमध्यापासून मोजलेले) आणि सगळ्यांची बेरीज करायची.

पट्टे आखण्याआधी लेन्सचं प्रक्षेपण तपासा. सिग्माची ८ मिमी फिशआय सम-घनकोन प्रकाराच्या (आभाळाच्या सारख्या तुकड्यांना फोटोत सारखी जागा देणाऱ्या) जवळ जाते. तिला सम-अंतर धरलं तर ४५ अंशांवरची कड जवळपास ४९ अंशांवर वाचली जाते. वर्तुळाचा मध्यही फोटोच्या मध्याशी तंतोतंत जुळेलच असं नाही. तो एकदा शोधून लिहून ठेवा.

कॅमेरा पाणसळ लावून सपाट ठेवा, उत्तरेची खूण करा (वर बघून काढलेल्या फोटोत पूर्व-पश्चिम उलट येतात) आणि टायमर लावून लेन्सच्या खाली बसा. उभं राहिलात तर डोकं इमारत म्हणून मोजलं जाईल.

उजेड सगळ्यात महत्त्वाचा. एकसारखं ढगाळ आभाळ सर्वोत्तम, त्यामुळे आपल्याकडे जुलैची सकाळ फार कामाची; फक्त काचेवरचा थेंब दर वेळी पुसा. एरवी सूर्योदयाआधी किंवा सूर्यास्तानंतर लगेच. भर उन्हात सूर्याभोवतीची चकाकी आणि उन्हातली भिंत दोन्ही आभाळाइतक्याच उजळ येतात. ऑटो एक्स्पोजर काळ्या भिंतींना भुलून आकाश जाळतं आणि बारीक पानं गिळतं. आकाशावर मीटरिंग करा, त्याहून एक ते दोन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट प्रकाश) जास्त द्या आणि एक्स्पोजर तिथेच अडकवा. काळं-पांढरं करायला निळा चॅनल (फोटोतली फक्त निळ्या रंगाची माहिती) घ्या. तरीही पांढरा रंग दिलेल्या भिंती आणि आभाळ दाखवणाऱ्या काचा आकाशात जमा होतात. त्या हातानेच रंगवा, इथे आळस नको.

पडताळा सोपा आहे. लांबलचक सरळ गल्लीच्या मध्यावर फॅक्टर = १ ÷ √(१ + (२ × उंची ÷ रुंदी)²). उंची रुंदीएवढी तर ०.४५, दुप्पट तर ०.२४. १८९८ साली स्थापन झालेल्या बॉम्बे इम्प्रुव्हमेंट ट्रस्टचा (मुंबईच्या नगरसुधारणेसाठीची तेव्हाची संस्था) ६३.५ अंशांचा नियम, म्हणजे भिंतीच्या पायथ्यापासून समोरच्या इमारतीचा माथा याहून वर दिसू नये, नेमकं हेच दुपटीचं गुणोत्तर द्यायचा. अशा गल्लीत फोटोवरून ०.४० आलं, तर आधी पांढऱ्या भिंती तपासा, मग लेन्सचं प्रक्षेपण. ०.२० आलं तर छज्जे आणि वाळत घातलेले कपडे बघा. तो आकडा बहुधा बरोबर असेल.